चालतंयरावांचा पलंग

आमच्या ऑफिसात दवाखान्यातल्या, मोटारीवर हलणाऱ्या पलंगांसाठी प्रोग्रॅम लिहितात. माझं काम त्यातल्या चुका हुडकायचं, म्हणजे मी सगळ्यांची नावडती. शेजारच्या टेबलावर चालतंयराव. काहीही दाखवा, उत्तर ठरलेलं: "चालतंय ना? मग झालं तर!"

प्रोग्रॅमच्या सी भाषेत माहितीचा पत्ता वेगळा आणि फंक्शनचा, म्हणजे करायच्या कामाचा, पत्ता वेगळा. व्हॉइड पॉइंटर नावाच्या खणात कुठल्याही माहितीचा पत्ता ठेवता येतो. फंक्शनचा त्यात मावेलच, अशी हमी भाषा देत नाही. रावांनी मात्र 'डोकं वर', 'पाय वर', 'थांब' ही फंक्शनं आणि मोटारीचे आकडे, सगळं व्हॉइड पॉइंटरच्या एकाच तक्त्यात कोंबलं. प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर कुरकुरला, तर त्याच्या धोक्याच्या सूचनाच बंद केल्या. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

मग कंपनीने स्वस्तातली चिप आणली. तिच्यात फंक्शनचे पत्ते माहितीच्या पत्त्यांपेक्षा लांबलचक, त्या खणात न मावणारे.

"अहो, पत्त्याचं डोकंच उडेल!" मी म्हटलं.

"आधी चालत होतं ना?" संपलं. बसा बोंबलत!

त्यांना घाई होती, आणि ती खोटी नव्हती. पहिला पलंग शनिवारी त्यांच्याच घरी जायचा होता. वडील शिंपी; जन्मभर ताठ बसून शिवलं आणि आता पाठीवर पडून छत बघत होते. एकदा उठून बसायचं, खिडकीतून रस्ता बघायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

शुक्रवारी साहेबांसमोर राव स्वतःच ऐटीत पलंगावर आडवे झाले. 'डोकं वर' दाबलं. पाय वर गेले. 'थांब' दाबलं, तर डोकंही निघालं! घडी पडायला लागली तसे ओरडले, "अगं बाई, बंद कर!" मी वायर उपटली. साहेबांची हसून पुरेवाट. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण राव उतरले ते पांढरेफटक.

"इथं बाबा असते तर?" म्हणाले.

दुपारी त्यांनी कंपायलरच्या सूचना चालू केल्या, तर पडदा चुकांनी भरून वाहिला. फंक्शनांचे पत्ते मावतील अशा पॉइंटरांचा वेगळा तक्ता हवा होता; सगळं नव्याने लिहायचं. त्यांनी घरी फोन लावला.

"बाबा, उद्या पलंग येत नाही. माझंच चुकलंय."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "असू दे रे. सावकाश कर. मी कुठं पळून जातोय?"

रावांनी फोन ठेवला आणि नवा तक्ता लिहायला घेतला. माझ्या जिभेवर चांगले झणझणीत टोमणे तयार होते. गिळून टाकले.