देवीने मागून घेतलेली खिडकी

देवावर रागावू नये म्हणतात. मी रागावले होते, तेही एकदोन दिवस नव्हे, लग्न होऊन कर्जतला आल्यापासून. देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेला हळदकुंकू वाहताना माझ्या मनात स्तोत्र नसे, भांडण असे. मला लहानपणापासून दमा. श्वास ही काही कुणी मागून घ्यायची वस्तू नव्हे, कुत्र्यामांजरांनासुद्धा तो आपोआप मिळतो. मग मलाच तेवढा मोजूनमापून का, असं मी तिला विचारायची आणि ती आपली हसऱ्या तोंडाने पळी हातात धरून बसलेली.

आमचं स्वयंपाकघर घराच्या पोटात होतं. एका बाजूला माजघर, दुसऱ्या बाजूला कोठीची खोली आणि चुलीमागे परसाकडची भिंत. त्या भिंतीला खिडकी नव्हती. कौलांतून जाईल तेवढा धूर जायचा, उरलेला माझ्या छातीत राहायचा. त्यात लढाईचे दिवस. रॉकेल मिळायची मारामार, आणि डोंगरातून मोळी यायची ती अर्धी ओलीच. फुंकणीने फुंकून फुंकून भात शिजेपर्यंत माझ्या छातीतून पेटीसारखे सूर निघू लागत. मी एवढंच मागत होते, की त्या भिंतीला एक खिडकी पाडा. मामंजी म्हणत, भिंत जुनी आहे, भोक पाडलं तर आढं खाली येईल. सासूबाई म्हणत, "परसातून येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर अन्नावर पडेल. आणि माझी हयात गेली या धुरात, मला काय झालं गं?" त्यांचे डोळे बारा महिने लाल असत आणि पदराच्या टोकाने त्या ते सारखे टिपत, पण ते त्यांच्या हिशेबी काही होणं नव्हतं. आमचे हे शाळेत मास्तर. मुलांपुढे खणखणीत आवाज, घरात मात्र "बघू" यापलीकडे शब्द नाही.

दम्याच्या माणसाचं रोजचं जगणं म्हणजे सगळ्या गावाचा सल्ला. कुणी अडुळशाचा रस दिला, कुणी धोतऱ्याची वाळलेली पानं निखाऱ्यावर टाकून हुंगायला लावली. त्याने थोडा वेळ बरं वाटे, हे कबूल केलं पाहिजे. वैशाखात भाताच्या रोपांसाठी आजूबाजूच्या शेतांवर राब भाजायला लागले, की पालापाचोळ्याचा आणि शेणाचा तो धूर खाली उतरून घराघरांत शिरे, आणि मी भिंतीशी गादीची वळकटी लावून बसल्या बसल्याच डोळे मिटायची. आडवं होणं माझ्या नशिबी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, धूळ, धूर आणि चिंता टाळा. तिन्ही टाळायची तर मला झाडावर जाऊन राहावं लागलं असतं. खिडकी पाडा असं मात्र त्यांनी मामंजींना सांगितलं नाही, कारण मामंजींनी त्यांना स्वयंपाकघरापर्यंत येऊच दिलं नाही.

आमच्यात लग्नानंतर पाच वर्षं नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मी पुजायची असते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करतात, नव्या सुना पूजा करतात आणि दिवेलागणीनंतर घागरी फुंकायला उभ्या राहतात. घागर धुपाच्या धुरावर उपडी धरायची, धुराने भरली की तोंडाशी घेऊन फुंकर घालायची, आणि तिचा घुमता आवाज धरून नाचायचं. कुणाकुणाच्या अंगात देवी येते, मग तिला प्रश्न विचारतात. पहिली दोन वर्षं मी काहीबाही निमित्त सांगून सुटले. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी ऐकलं नाही. "घागर फुंक, छाती मोकळी होईल. देवीच्या दारात कुणाला कधी बाधलंय?" ज्या बाईला धुराने धाप लागते तिच्या हातात धुराने भरलेलं भांडं द्यायचं आणि म्हणायचं, यात तोंड घाल. त्याला भक्ती म्हणतात!

शेजारच्या काकूंच्या माजघरात देवी बसली होती. दारं लोटलेली, समया पेटलेल्या, बायकांची ही दाटी, आणि मधोमध धुपाटण्यातून निघणारा धूर. घागर हातात घ्यायच्या आधीच माझा घसा आवळला होता. दोन फुंकरा घातल्या असतील नसतील, श्वास आत जाईना आणि आत होता तो बाहेर येईना. घागर हातातून सुटून घरंगळत गेली. मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि खांदे वरखाली करून हवा ओढू लागले. केस सुटले. कुंकू घामाने नाकावर ओघळलं.

आणि कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, आली! हिच्या अंगात आली!"

मला वाटलं, आता कुणीतरी दार उघडेल. दार राहिलं बाजूला, धुपाटणं उचलून माझ्या तोंडाशी आणलं. देवीला धूप प्रिय! माझ्या छातीची घरघर ऐकून म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. सासूबाई, ज्यांनी कधी मला धड पाणी विचारलं नव्हतं, त्या माझ्या पायांवर डोकं ठेवून विचारू लागल्या, "आई, धाकट्याला नोकरी कधी लागेल?" मी जिवाच्या आकांताने मान हलवली, की नको, हा धूर नको. त्यांनी त्याचा अर्थ लावला, नोकरी लागणार नाही, आणि त्या हमसून रडायला लागल्या. दुसरी कुणी विचारू लागली, सुनेला मुलगा होईल का. मी पुन्हा मान हलवली. तिकडेही रडारड! माझा जीव चालला होता आणि या मला भविष्य विचारत होत्या. समयांच्या ज्योती मला पिवळ्या डागांसारख्या दिसायला लागल्या. समोर तो तांदळाचा पांढरा मुखवटा. तेव्हा मी देवीला मनात जे म्हणाले ते प्रार्थना म्हणण्यासारखं नाही. मी म्हणाले, तू असशील तर ऊठ, आणि नसशील तर या सगळ्याजणींना सांगून तरी टाक.

तेवढ्यात पलीकडून एक आरोळी उठली. एक बाई केस मोकळे सोडून, घागर कवटाळून गर्दीतून घुसत पुढे आली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. काकूंची ती भाची, खालापूरच्या कचेरीतल्या एका कारकुनाची बायको, हे मला मागाहून कळलं. तिने लाथेने धुपाटणं उडवलं. निखारे जमिनीवर पसरले, बायका किंचाळत मागे सरल्या.

"माझ्या लेकीच्या नाकात धूर घालता?" ती घुमत म्हणाली. "मी इथे धूर खायला आल्ये का? दारं उघडा! हिला अंगणात न्या!"

माझ्या सांगण्याने तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते तिच्या एका वाक्याने झालं. धडाधड दारं उघडली गेली. मला दोघीतिघींनी उचलून तुळशीपाशी बसवलं. आश्विनातली थंड हवा तोंडावर आली. सासूबाई उंबऱ्यात हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून ती बाई म्हणाली, "आणि तू ऐक. चुलीमागच्या भिंतीला खिडकी पाड. दिवाळीच्या आत मला तिथून उजेड दिसला पाहिजे." मग ती खाली बसली आणि डोळे मिटून डोलत राहिली.

श्वास एकदम आला नाही. हळूहळू, चिमटीचिमटीने आला. पण आला.

दसरा झाला आणि मामंजींनी मुकाट्याने खेड्यातून गवंडी बोलावला. भिंत जुनी, आढं खाली येईल, यातलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. गवंडी खुणा करायला लागला, तशा सासूबाई म्हणाल्या, आणखी मोठी हवी.

"आवो आई, येवडी मोटी कशाला? मांजरां येतील आत," तो म्हणाला.

"येऊ देत. देवीने मागितल्येय."

दिवाळीच्या फराळाला मी चुलीपुढे बसले तेव्हा पहिल्यांदा मला कढईचा तळ दिसला. दमा गेला नाही, दमा असा जात नाही. राबाच्या दिवसांत मी अजून वळकटीला टेकूनच बसते. पण भात शिजेपर्यंत आता छातीतून सूर निघत नाहीत, आणि सासूबाईंचे डोळेही निवळलेत, त्या काही बोलत नसल्या तरी.

त्या माघात एका मुंजीसाठी आम्ही खालापूरला गेलो, खोपोलीपर्यंत गाडीने आणि पुढे टांग्याने. मी काकूंच्या त्या भाचीचं घर शोधून काढलं. नारळ आणि खण घेऊन गेले होते, ओटी भरायला. मी वाकले तशी त्यांनी माझे खांदे धरले.

"पाया पडू नका हो. खरं सांगू का? माझ्या अंगात काही आलं नव्हतं."

मी नारळ आणि खण खाली ठेवले.

"तुमचे ओठ काळेनिळे पडले होते. मी दोनदा ओरडून सांगितलं, अहो, तिला धाप लागल्येय, तिला बाहेर न्या. कुणी वळून बघितलं नाही. मग मी केस सोडले." त्यांनी आवाज खाली आणला. "देवीच्या नावाने खोटं बोलले. पाप लागेल का हो?"

"लागलं तर निम्मं माझ्या वाट्याला घाला," मी म्हणाले, आणि रडायला आलं ते आवरेना. मग त्यांना म्हटलं, वहिनी, तुम्ही खिडकीचंही बोललात ते किती बरं झालं, माझं सबंध आयुष्य सोपं केलंत. तर त्यांचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला. "त्याचं मलाच नवल वाटतं. मी त्या दुपारीच कर्जतला आले. तुमच्या घरात मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. तुम्हाला बाहेर काढायचं, एवढंच माझ्या मनात होतं. खिडकी तोंडातून कशी गेली, मला ठाऊक नाही."

माझा राग अजून गेलेला नाही. बाई स्वतःच्या तोंडाने म्हणते, मला श्वास घेता येत नाही, तर ते कुणाला पटत नाही. त्यासाठी देवीला यावं लागतं, याची मला आजही चीड येते. पण देवीवरचा राग मात्र गेला. शरण जायचं म्हणजे तोंड मिटून सोसायचं, असं मला शिकवलं होतं. मी तर त्या दिवशी तिला सुनावत होते, आणि तरी तिने ऐकलं. आता रोज सकाळी खिडकीतून पहिली हवा आत आली की मी आधी हात जोडते आणि मग चूल पेटवते. कुणी म्हणेल, काकूंनीच भाचीला आमच्या चुलीचं कधीतरी सांगितलं असेल. असेलही. काकू शेजारीच राहतात, दिवसातून चारदा भेटतात. मी त्यांना विचारलेलं नाही.