ऐनाचे खुंट

जामसरच्या बाजूला आमचं भाताचं खाचर आहे आणि त्याच्या बांधावर एक ऐन आहे. कॉलेजसाठी मी आता जव्हारला राहते, तरी डोळे मिटले की त्या झाडाचं खोड दिसतं. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमच्याकडे हिवाळ्यात राबासाठी फांद्या तोडतात. त्या वाळल्या की उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पसरून जाळायच्या आणि मग तिथे भात पेरायचं. फांदी तोडताना खोडाशी चार बोटं खुंट ठेवतात. पुढच्या वर्षी चढणाऱ्याचा पाय त्यावर पडतो. हे कुणी शिकवत नाही, बघून कळतं. मी बघितलं होतं, पण कळलं नव्हतं.

नववीत असताना बाबांनी पहिल्यांदा माझ्या हातात कोयता दिला. मला भाऊ नाही, त्यामुळे चढायला मीच. बाबा भारा पोचवायला गेले, तेवढ्यात मी एका बाजूचे सगळे खुंट खोडासरशी साफ केले. वहीत समास आखावा तसं ते मला छान वाटलं. संध्याकाळी आई हसून म्हणाली, "ऐन कसा न्हाव्याकडं जाऊन आलाय बघ!" मला केवढा अभिमान वाटला होता.

पुढच्या हिवाळ्यात बाबा त्याच झाडावर चढले. चढले दुसऱ्या बाजूने, उतरले मी साफ केलेल्या बाजूने. सवयीने त्यांचा पाय खुंट शोधत खाली आला. मी खालीच उभी होते. तो पाय हवेत चाचपडताना मी पाहिला.

डाव्या घोट्याजवळ हाड मोडलं. शेजाऱ्यांनी डोली करून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने जव्हार. प्लास्टर झालं आणि पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पावसाळ्यापर्यंत पाय बरा झाला नाही तर नांगर कोण धरणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं. माझं पुढचं शिक्षणही त्या पायावरच होतं.

बाबा ओट्यावर बसून बांबूच्या कामटीने प्लास्टरच्या आत खाजवायचे. आई ती हिसकावून घ्यायची.

"आत जखम झाली तर पुन्हा डोलीत बसशील!"

"बसू की. लग्नातसुद्धा मला कुणी उचललं नव्हतं."

प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाळक्या काठीसारखा झाला होता. घोटा मोकळा व्हावा म्हणून डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायला सांगितली होती.

"मला सहीपुरतीच येतात," बाबा म्हणाले.

मग रोज सकाळी ते पायाने सही करायचे. तिचा कंटाळा आला तेव्हा मी बाकीची अक्षरं शिकवली. 'ळ' काढताना पायाबरोबर त्यांचं तोंडही वळायचं आणि आम्ही दोघं हसायचो. त्या सकाळी मला अजून फार आठवतात. रोज ठरवायचे, आज खुंटांचं सांगून टाकू. पण ते हसत असायचे आणि माझ्याने सांगवत नसे.

त्या पावसाळ्यात बाबांनी नांगर धरला. लंगडत, मधे मधे बांधावर बसत, पण धरला. मी अकरावीला गेले.

यंदा हिवाळ्यात सुट्टीला घरी आले, तेव्हा आम्ही दोघं ऐनापाशी गेलो. बाबा आता झाडावर चढत नाहीत. त्यांनी कोयता माझ्या हातात दिला. मी तो घेऊन तशीच उभी राहिले.

"बाबा, तेव्हा ते खुंट..."

ते वर फांद्यांकडे बघत होते.

"चढ आता," ते म्हणाले. "पण न्हावी होऊ नको."

मी चढले. पहिल्याच फांदीला चार बोटांच्या जागी सहा बोटं खुंट ठेवला.