मांजरीसाठी भरलेली बांधी

लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्याबरोबर दोन लुगडी, पाण्याचा एक पितळी गुंड आणि टोपलीत बांधलेली एक मांजर होती. सासरी उंदरांनी उच्छाद मांडलाय असा निरोप आला होता, म्हणून आईने ती दिली होती. सासूने टोपलीचं झाकण उघडलं, मांजर तिच्यावर फिसकारली, आणि सासू म्हणाली, "हे बी सुनंसारखीच दिसते." मी तोवर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तिला कसं कळलं देव जाणे, पण तिचं काही चुकलं नव्हतं.

चांदा जिल्ह्यातलं आमचं गाव भाताचं. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती, तरी तलावाला लोक अजून मालगुजाराचाच तलाव म्हणत. त्याच्या पाळीखाली आमची ढिवरांची दहा-बारा घरं होती. पुरुष मासोळी धरायचे, बाया ती टोपल्यांतून विकायच्या, आणि पावसाळ्यात सगळे दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या खाचरात, रोपं लावायला, रोवण्याला जायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नवरा बांबू तोडायला जंगलात गेला. घरात उरलो सासू, सासरा, मी आणि मांजर.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. त्याला काही सांगायचं तर सासूला सांगायचं, तोही तिथेच बसून ऐकायचा आणि उत्तर पुन्हा सासूलाच द्यायचा. सासू मधे बसून दोन्हीकडचं ऐकायची आणि त्यात स्वतःची भर घालायची. मला या प्रकाराचा मनापासून कंटाळा होता. पण रीत म्हणजे रीत.

मांजर व्याली ती आतल्या खोलीत, धानाच्या ढोलीखाली. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली ती ढोली आम्ही दगडांवर ठेवली होती, त्या दगडांच्या फटीत तिने आपलं बाळंतपण उरकलं. चार पिल्लं, डोळे मिटलेली. मी रोज तिच्यासाठी मासोळीचा रस्सा भातात कालवून ठेवायची. सासू कुरकुरायची, "आमाले बाळंतपनात एवढं कोनी नाई घातलं." आणि मी पाहत नाही असं बघून स्वतःच्या ताटातलं मासोळीचं मुंडकं तिकडे सरकवायची.

पिल्लांचे डोळे उघडायच्या आतच ते घडलं. मरळ धरायला सासरे एका लांब दोरीला ओळीने गळ बांधून तलावात सोडून येत. त्या दिवशी दोरी परत आणून त्यांनी खुंटीला टांगली. एका गळाला आमिषाची बारकी मासोळी तशीच राहिली होती. पिल्लांना पाजून भुकेलेल्या मांजरीने उडी मारून ती ओढली. तिची किंकाळी ऐकून मी धावले तोवर दोरी तुटली होती. गळ तिच्या ओठात रुतला होता आणि हातभर दोरी तोंडातून लोंबत होती. तशीच ती ढोलीखाली शिरली.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट होतं. तिला खाता येईना. न खाणारीला दूध किती दिवस राहणार? ती पाजायला आडवी झाली की दोरी पिल्लांच्या गळ्याभोवती गुंतायची. आणि तिला चाटता येईना. मांजरीने चाटल्याशिवाय एवढ्या लहान पिल्लाला मुततासुद्धा येत नाही, हे मला माहेरीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची पोटं हाताला टणक लागायला लागली. मी जुन्या धोतराची चिंधी कोमट पाण्यात भिजवून एकेकाचं पोट खालपर्यंत पुसत बसले. मांजर कोपऱ्यातून गुरगुरत बघायची. मी पिल्लांना हात लावलेला तिला चालायचा, पण तिच्या दिशेने हात गेला की नखं बाहेर. वाकळ टाकून धरायला गेले, तर दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. टोपलीखाली झाकायला गेले, तर ती टोपलीसकट माझ्या अंगावर आली.

सासू म्हणाली, "सोड तिचा नाद. मरनार असन तं मरन."

"नाई मरत," मी म्हटलं. "मी मरू देत नाई."

उपाय तर समोर खुंटीवरच होता. सासऱ्यांचं फेकायचं जाळं. पाण्यात पळणाऱ्या माशावर त्यांचं जाळं चुकत नसे, मग मांजरीवर कसं चुकेल? मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सासूला म्हटलं, "आत्याबाई, मामाजीले म्हना, जाळं टाका तिच्यावर."

सासरे चिलीम भरत होते. ते सासूला म्हणाले, "सांग तिले, कोरड्यावर जाळं टाकत नाई. टाकलं का तलाव आटते."

ही आमच्या सगळ्या घरांची समजूत. पोरांना जाळं फेकायला शिकवायचं तेसुद्धा पाण्यात उभं करून. जमिनीवर कोणी गमतीने फेकलं तर म्हातारे काठी घेऊन धावत. एरवी मी त्या समजुतीच्या वाटेला गेले नसते. पण तेवढ्यात आतून एक पिल्लू ओरडलं. दोरी त्याच्या पायाला गुंडाळली होती. मी जाऊन ती सोडवली, बाहेर आले आणि सासूला वगळून सरळ सासऱ्यांकडे बघितलं.

"मामाजी, आंगन वलं केलं तं?"

सासूने तोंडाला पदर लावला. सासऱ्यांच्या हातातली चिलीम तिथेच राहिली. सून बोलली याचं आश्चर्य जास्त, की ती काय बोलली याचं, ते त्यांनाही ठरवता येईना. शेवटी तेही सरळ मलाच म्हणाले, "वलं म्हंजे नुस्ता सडा नाई चालत. पाय बुडला पायजे."

"बुडवते," मी म्हटलं.

उन्हाळ्याचे दिवस, तलाव खाली गेलेला. पाण्यापर्यंत पोचायचं तर तडकलेल्या गाळातून चालावं लागे. मी आधी अंगणाभोवती मातीचा धुरा घातला, बांधीला घालतात तसा. दाराकडची बाजू उंच केली, उतारावरची फट चिखलाने बुजवली. मग गुंड डोक्यावर घेतला. पहिली खेप जमिनीने पिऊन टाकली. दुसरी, तिसरीही. सासूने सकाळीच सारवलेलं अंगण, त्याचा रबरबीत चिखल झाला, आणि तिचं तोंड जे सुरू झालं ते थांबेना. माझ्या माहेराचा, माझ्या आईचा आणि मांजर घालून आणलेल्या टोपलीचाही तिने उद्धार केला. मी ऐकत होते आणि पाणी आणत होते. उत्तर द्यायला दम पुरत नव्हता, नाहीतर दिलं असतं.

शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. "काय वो, उनाळ्यात रोवना लावून राह्यली का?"

"हो," मी म्हटलं. "तुमी बी या, रोपाच्या पेंड्या घेऊन."

खांदे भरून आले, मान लटपटायला लागली. तलावाहून परत येताना मी रडत होते हे खरं आहे, पण पाय थांबवले नाहीत. एका खेपेला परतले तर सासू आपलं मडकं घेऊन समोरून येताना दिसली. बडबड चालूच होती. "आता अर्धं केलंच हाय तं पुरं कर," असं काहीतरी म्हणत ती तलावाकडे गेली. त्यानंतर पाणी चढायला लागलं.

पाय बुडाला. सासऱ्यांनी स्वतः उतरून बघितलं, घोटा बुडेपर्यंत वाट बघितली, मगच खुंटीवरून जाळं काढलं. मी अंगणाच्या मधोमध पाटा ठेवला, त्यावर सूप आणि सुपात चारही पिल्लं. मी त्यांना आईजवळून उचललं तेव्हा तिने जो आवाज काढला तो मला अजून आठवतो. पाण्याच्या मधोमध पिल्लं किंचाळायला लागली. सासरे धुऱ्याजवळ वाकून उभे राहिले. सासू आणि मी भिंतीला चिकटलो.

मांजर उंबऱ्यावर आली. दोरी लोंबत होती, ओठ सुजून काळा पडला होता. तिने पाण्यात एक पंजा घातला आणि झटकून मागे घेतला. मग दुसरीकडून बघितलं. सगळीकडे पाणीच. ती मांजर लुगड्याचा ओला काठ लागला तरी उडी मारणारी होती. पिल्लं ओरडत होती. ती खाली वाकली आणि सरळ पाण्यात उतरली. पोट भिजत होतं, मान वर ताणलेली होती, आणि ती सुपाकडे चालत होती. सासू हळूच म्हणाली, "वा गं माय."

जाळं पडलं. सासऱ्यांनी ते जेमतेम सुपाएवढंच उघडलं होतं. सूप बाहेर, मांजर आत. ते तिच्यावर गुडघा टेकून बसले, मी तिचं डोकं वाकळीत गच्च धरलं. गळ मागे ओढला असता तर ओठ फाटला असता. त्यांनी आधी दोरी कापली, गळ पुढे ढकलून टोकाकडून काढून घेतला, आणि सासूने हळद-तेलाचं बोट लावलं. जाळं सैल केलं तशी मांजर कुंपणाच्या काट्यांत गायब झाली. जाळ्याला भलं मोठं भोक पडलं होतं. सासरे त्यात हात घालून म्हणाले, "एवढी मोठी मासोळी या तलावात पहिल्यांदाच घावली."

मला हसू आलं नाही. पिल्लं ढोलीखाली ठेवून मी त्यांच्याजवळ बसून राहिले. आली नाही तर शेळीचं दूध आणेन, कापसाच्या वातीने पाजीन, पण जगवीन, असं स्वतःशीच घोकत होते. उन्हं उतरल्यावर ती आली. रस्सा चाटला, थांबत थांबत, एका बाजूने. मग फटीत शिरून आडवी झाली. त्यापुढेही काही दिवस पिल्लं पुसायचं काम माझ्याकडेच होतं, कारण ओठ दुखत असावा. मी चिंधी घेऊन बसले की ती डोळे किलकिले करून बघत राही. मला वाटायला लागलं, आता हिचा माझ्यावर विश्वास बसला.

एका सकाळी मी चिंधी भिजवून गेले तर ती एका पिल्लाला मानेला धरून उचलत होती. ओठ वाकडाच बरा झाला होता. पिल्लू तोंडातून निसटलं. तिने पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. माझा हात पुढे गेला तर ती माझ्यावर फिसकारली. तिसऱ्यांदा तिने मान बाजूने पकडली, पिल्लू लोंबलं पण सुटलं नाही. ते घेऊन ती दाराकडे निघाली.

सासू ओरडली, "अडव तिले, दुसऱ्याच्या घरी घेऊन चालली!"

मी दारातून बाजूला झाले. अंगण ओलांडून, कुंपणाखालून ती शेजारच्या घरात गेली आणि परत आली. वाईट तर वाटलंच, एवढं करून आमच्या घरावर तिचा भरवसा राहिला नव्हता. ती दुसरं घेऊन गेली, तिसरं घेऊन गेली. मी ओली चिंधी हातात धरून बघत होते. चारही पिल्लं तिने नेली, स्वतःच्या तोंडाने, आणि मला कशाला हात लावावा लागला नाही.