शेततळ्यातला बाप्तिस्मा

बाप्तिस्म्याच्या आधी आमच्या पाळकांनी मला आणि आईला चार रविवार शिकवण दिली. शेवटच्या रविवारी त्यांनी मला विचारलं, देवाला द्यायचं काही मागं ठेवलंय का? मी लगेच सांगितलं, सगळं दिलंय. नोकरी, आई, पुढचं आयुष्य, सगळं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. चांगली उत्तरं लिहून मी शाळेत शिकवण्याइतका वर आलो होतो, आणि हेही उत्तर मला चांगलं जमलं. मग पाळकांनी बाप्तिस्म्याची जागा सांगितली: एक शेततळं.

त्या उन्हाळ्यात नदी आणि विहिरी कोरड्या पडल्या होत्या. पाणी उरलं होतं ते पाटोद्याकडच्या आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात, मोसंबीच्या बागेसाठी राखलेलं. शेततळं म्हणजे मोठा चौकोनी खड्डा. चारही बाजूंना उतार, आणि पाणी मुरू नये म्हणून वरपासून तळापर्यंत प्लास्टिकचा काळा कागद. तो ओला झाला की पाय ठरत नाही. आत पडलेल्याला पोहता येत असलं तरी वर येता येत नाही, कारण धरायला काही नसतं. म्हणून काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवतात.

मी कॉलेजात असताना आमची एक गाभण शेळी अशाच तळ्यात पडली होती. वडील गेल्यावर आईनं शेळ्या राखून मला शिकवलं. त्यातलीच ती एक. मी सुट्टीला आलेलो होतो. आम्ही पळत पोचलो तेव्हा ती कागदावर पुढचे खूर टेकवायची, घसरायची, पुन्हा टेकवायची. त्या तळ्याला दोर नव्हता. आई तिला हाका मारत राहिली. कुणी दोर घेऊन येईपर्यंत शेळी थकली. कागदावर उमटलेले तिच्या खुरांचे ओरखडे मला पुढं कित्येक दिवस डोळे मिटले की दिसायचे.

बाप्तिस्म्याच्या सकाळी आम्ही सात-आठजण होतो. माझे काकाही आले. आमचं प्रार्थनेला जाणं त्यांना पसंत नव्हतं, अजूनही नाही. मंडळीतल्या कुणाशी न बोलता ते खुंटीजवळ जाऊन बसले आणि दोर त्यांनी स्वतःच्या मनगटाला एक वेढा देऊन धरला. खुंटीचा काय भरवसा, असं काहीतरी पुटपुटले. मग मला म्हणाले, "काय बे गुरुजी, कॉलेजात पवायला शिकीवलं का न्हाई?"

आई माझ्या आधी उतरली. दोर धरून ती खाली गेली. तळाशी छातीएवढ्या पाण्यात पाळक उभे होते. तिनं पदर खोचला, दोन्ही हात छातीशी घेतले आणि सरळ मागं झुकली. पाण्यात गेली, बाहेर आली, नाक शिंकरलं आणि हसली.

मग मी. गुळगुळीत कागद तळपायाला लागला तशी मी दोरावरची पकड घट्ट केली. पाळकांनी एक हात माझ्या पाठीला लावला आणि दोन्ही हात छातीवर घ्यायला सांगितलं. मी उजवा घेतला. डाव्या हातानं पाण्याखाली दोराची शेवटची गाठ घट्ट धरली होती. पाणी गढूळ होतं. कुणाला दिसणार नाही असं मला वाटलं.

पाळकांना कळलं. "दोर सोड," ते हळूच म्हणाले.

"एक हात राहू द्या की. काय फरक पडतोय?"

"मग अर्धाच माणूस पाण्यात जाईल." ते रागावले नव्हते. "थांबतो मी. घाई न्हाई."

ते खरंच थांबले. काठावरचं गाणं संपलं आणि लोकांनी ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. भीती नुसती पाण्याची नाही हे मला तिथं कळलं. मी देवाला सगळं दिलं होतं ते अटी घालून. आईला काही होऊ देऊ नको, नोकरी राहू दे, नको तिथं पाठवू नको. सोडलं तर तो यातलंच काहीतरी आधी उचलून नेईल, असं मनात खोल कुठंतरी बसलं होतं. ज्याला मी प्रभू म्हणत होतो, त्याच्यावर माझा विश्वास खुंटीपेक्षाही कमी होता. त्याची लाज वाटली, पण लाजेनं हात सुटला नाही. मी मनात म्हणालो, प्रभू, मला सोडता येत नाहीये. एवढंच. त्यानंतर बोटं कधी उघडली ते आठवत नाही.

पाण्याखाली शांती वगैरे काही नव्हती. मी हातपाय झाडले, पाळकांना लाथ मारली, नाकातोंडात पाणी गेलं आणि मी मेलो अशी क्षणभर खात्री झाली. मग कुणीतरी मला वर ओढलं. खोकत खोकत डोळे उघडले तर पाळकांचे दोन्ही हात माझ्या काखेत होते.

मंडळीपुढं साक्ष देताना, म्हणजे आपला अनुभव सांगताना, त्या दिवशी भीती गेली असं सांगावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी तसं सांगत नाही. वर येताना मी दोराला असा चिकटून बसलो की काकांनी आणि अजून दोघांनी मला अक्षरशः ओढून काढलं. आईनं माझं डोकं पुसलं.

ती मंडळीबरोबर टेम्पोतून गेली. मला काकांनी गाडीवर मागं घेतलं. फाट्याजवळ त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"लई भ्यालतास तू," ते म्हणाले. "वरून दिसत व्हतं. मग दोर सोडलास कशापायी?"

मी विचार करून उत्तर दिलं नाही. तोंडातून आलं ते असं, "धरून बी भीती जात नव्हती, काका."

त्यांनी गाडी गावाकडं वळवली.