नळातलं वऱ्हाड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विटांचा एक जुना मनोरा आहे. दुमजली घराएवढा उंच, माथ्यावर पिंपळाचं रोप, पायाशी एक कमान आणि कमानीला गंजलेली जाळी. त्या कमानीतून भुयार निघतं आणि थेट देवगिरी किल्ल्यात उघडतं, असं उस्मानपुऱ्यात आमच्या भागात कुणीही सांगेल. म्हणे एकदा एक वऱ्हाड उन्हाचा त्रास नको म्हणून त्यात शिरलं. नवरा-नवरी, वाजंत्री, लाडवांच्या टोपल्या, सगळं. ते बाहेर आलंच नाही. लग्नसराईत जाळीला कान लावला तर अजून सनई ऐकू येते.

सनई मीही ऐकली होती. शाळेत असताना, मैत्रिणींबरोबर. तेव्हा अंगावर काटा आला होता आणि घरी येऊन मी ते अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं होतं. ते म्हणाले, "ऐकलंस ना? मग आता कुठून येते ते शोध. काटा येणं म्हणजे पुरावा नाही, बाई."

अण्णांचं औरंगपुऱ्यात छोटं छापखान्याचं दुकान आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि जिवासाठी पत्रकं. अंगारा देणाऱ्या बुवाविरुद्ध, पाऊस पाडणाऱ्या महाराजाविरुद्ध, अंगात येणाऱ्या बाईला मारहाण करणाऱ्यांविरुद्ध. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. आई जेवणं आटोपली की चमच्याच्या पाठीने त्यांच्या घड्या घालायची. मोठी झाल्यावर मजकूर मी जुळवू लागले. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे: 'यात काही खोटं आढळल्यास कळवा. पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापू.'

आणि ते छापायचे. एकदा एका बुवाचं गाव चुकलं. त्याचा चेला तणतणत दुकानात आला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापली. मी चिडले होते. अण्णा म्हणाले, "बुवा खोटा असला म्हणून त्याचं गाव खोटं छापायचं का?" हे वाक्य मी आयुष्यभराचं म्हणून घेतलं.

गेल्या लग्नसराईत मी भुयाराचा छडा लावायचं ठरवलं. अण्णांनी एकच अट घातली, "ऐकीव आणू नको. उतरून बघ." मनोऱ्याला लागून चाचांचं घर आहे. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गल्लीत सगळ्यांचे चाचा. शिडी आणि दोर त्यांचाच. जाळी काढताना ते म्हणाले, "देख बेटा, अंदर बारात मिली तो पहले खाने का पूछना. इत्ते साल का बासी होएंगा."

कमानीआड खोल खड्डा होता, शिडीने उतरले. तळाशी गाळ, प्लास्टिकच्या बाटल्या, कुबट ओल. तिथून पुढची वाट जेमतेम वाकून जाण्यापुरती. थोडं पुढे गेले तर समोर भिंत, आणि भिंतीत भाजलेल्या मातीच्या नळांची तोंडं. नळात नळ बसवलेला, सांध्याला चुना. हात खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. वऱ्हाड सोडा, गलेलठ्ठ मांजर अडकली असती. जुन्या शहराला पाणी पुरवणारी ही वाट होती. डोंगराकडून येणारं पाणी या मनोऱ्यात चढायचं आणि पुढं जायचं.

मी हे वर ओरडून सांगत होते, तेवढ्यात नळातून सनई वाजली. स्पष्ट. माझा दिवा हातातून गाळात पडला.

वरून चाचांचा आवाज आला, "अरे, पीछू के हॉल में शादी है ना आज. ठैर, मैं जाके आता."

मी नळाला कान लावून बसले. सनई चालूच होती. मग तिच्या मध्येच, अगदी कानाशी बोलल्यासारखं, "हॅलो, मैं दुल्हन का बाप बोलरा हूं. जिलेबी है. आती क्या?"

मागच्या मंगल कार्यालयाच्या अंगणात एक कोरडा हौद आहे. त्याच्या तळाला याच नळाचं दुसरं तोंड उघडतं. चाचा हौदात वाकून बोलत होते, आणि पाहुणे त्यांच्याकडे बघत उभे होते. सनई खरी होती. वऱ्हाडही खरंच होतं, फक्त जेवायला बसलेलं होतं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "आतलं पूर्ण पान तुझं." मी लिहिलं. त्या नळांबद्दल जीव ओतून लिहिलं, कारण न वीज न पंप, नुसत्या उताराच्या अंदाजावर शहराला पाणी पाजणारी माणसं मला त्या वऱ्हाडापेक्षा कितीतरी मोठी वाटली.

पत्रक छापायच्या आतच मनोऱ्यावर महापालिकेची लाल फुली उमटली. रस्ता रुंद होणार होता आणि मनोरा जाणार होता. अण्णा आणि त्यांचे सोबती तो वाचवायला उभे राहिले. मीही. माझा मजकूर त्यांनी मागून घेतला. "जरा बसवून घेतो," म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला बाजूला सारून स्वतः संगणकापुढे बसले.

छापलेलं पत्रक मला चाचांनी आणून दिलं. ते मराठी सावकाश वाचतात, ओळीवर बोट ठेवून. "बेटा, मैंने दो बार पढ़ा. अपना नळ किधर गया इसमें?"

नळ कुठंच नव्हता. पत्रकात होतं: 'इथून किल्ल्यापर्यंत भुयार असल्याची परंपरा आहे. हरवलेल्या वऱ्हाडाची म्हणून सांगितली जाणारी सनई आजवर अनेकांनी ऐकली आहे. आमच्या कार्यकर्तीने प्रत्यक्ष आत उतरून पाहणी केली आहे. पूर्वजांची ही वाट बुजू देणार का?'

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अशीच वाक्यं पकडायला अण्णांनी मला शिकवलं होतं.

मी दुकानात गेले. अण्णा कागदाची चळत सरळ करत होते.

"मी आत उतरले हे लिहिलं. मला काय दिसलं ते?"

"नळासाठी कोण रस्त्यावर येतंय सांग मला. वऱ्हाडासाठी लोक येतात."

"बुवासुद्धा हेच म्हणतो, अण्णा. अंगाऱ्यासाठी लोक येतात."

त्यांचा हात थांबला. "मनोरा पाडलेला चालंल तुला? नाय ना? मग आधी तो वाचू दे. दुरुस्ती नंतर छापता येती. पाडलेला मनोरा दुरुस्त व्हत नाय."

दुरुस्ती ते छापतात हे मला माहीत होतं. म्हणून मी ते पत्रक तसंच वाटू दिलं.

लोक आले. लई आले. बायका नवरीची ओटी भरायला आल्या, जाळीला बांगड्या बांधल्या गेल्या, लाल फुलीवर शेंदूर चढला. काही आठवड्यांत निर्णय बदलला, रस्ता पलीकडच्या बाजूने सरकला आणि मनोरा वाचला. त्या दिवशी मीही पेढा खाल्ला. चाचांचं फाटक मात्र रांगेमुळे उघडेना. स्कूटर ते आता बाहेरच लावतात. "इत्ते साल पड़ोसी था," ते म्हणाले, "अब लोगां मेरेकू पूछते, दर्शन का टाइम क्या है." ते हसले, पण नेहमीसारखं नाही.

मी पुन्हा दुकानात गेले. यावेळी गल्ल्याच्या मागे न जाता बाहेर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभी राहिले.

"पत्रकात चूक आहे. कळवायला आले."

अण्णांनी वर पाहिलं. चेल्याला चहा मागवला होता, तसा मागवतील असं मला उगाच वाटलं.

"आता छापलं तर लोक म्हणतील, फसवलं."

"फसवलंच ना."

"तुला कळत नाय," ते हळू म्हणाले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लोक आमच्या पत्रकावर आले गं."

मला ते कळलं, हेच वाईट झालं. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्या गाळातल्या गुडघ्यांवर उजळला होता.

पुढचं पत्रक आलं तेव्हा मी ते तळापासून वाचलं. दुरुस्ती नव्हती. 'खोटं आढळल्यास कळवा' ही ओळही नव्हती.

"जागा पुरली नाय," अण्णा म्हणाले.

लहानपणापासून त्यांची पानं मी जुळवली आहेत. खाली दोन ओळींची जागा मोकळी होती. आई शेजारी बसून घड्या घालत होती. तिने त्या मोकळ्या जागेवरून चमचा फिरवला, पण वर पाहिलं नाही.

म्हणून इथं लिहिते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मनोऱ्याखाली भुयार नाही. मातीचे नळ आहेत, ते मी हात घालून पाहिले आहेत. सनई मागच्या मंगल कार्यालयातून येते. कुठलंही वऱ्हाड तिथं हरवलेलं नाही.

यात काही खोटं आढळल्यास कळवा. दुरुस्ती छापेन.