लाल फितीचा बोळा

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, कँटीनमधून सुटणाऱ्या बायकोला न्यायला एक साठीतला माणूस स्कूटरवर यायचा. थांबला, की स्कूटरच्या हवा ओढणाऱ्या तोंडात लाल फीत लावलेला चिंध्यांचा बोळा कोंबायचा. मला हसू यायचं.

“मुंबईला छोटी विमानं दुरुस्त करायचो,” तो एकदा म्हणाला. “तिथली सवय. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलं, तर इंजिनाचा दम कोंडतो. बोळा काढायला विसरू नये म्हणून फीत.”

पुढे त्याची बायको वारली आणि तो दिसेनासा झाला. एकदा त्याच्या गावी, तुडीलला गेलो, तर त्याच्या अंगणात स्कूटर दिसली. बोळा नव्हता, तोंडात ओली माती होती.

“काका, माशीनं घर केलंय!”

“ठाऊक हाय. राहू दे,” तो म्हणाला. “तेवढीच या घरात ये-जा हाय.”