मापाचा कागद आणि आमचं व्हीपीएन

मशीनखाली चिंध्या साचतात तसे आमच्या शिलाईखोलीत किस्से साचतात. संध्याकाळी झाडून काढावं, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेवढेच पुन्हा. मी सातवी शिकलेली, लिहिताना चुकेल काही. तरी आमच्या व्हीपीएनचे किस्से लिहायचे ठरवलेत, कारण ते माझ्या लेकीपर्यंत येऊन थांबतात.

मुरूमच्या बाजारात आप्पांच्या किराणा दुकानावर आमची खोली. चार मशिनी, चार बाया. शकुंतलाअक्का मालकीण, मग महादेवी, रेहाना आणि मी. माझी आरू पाच वर्षांची, माझ्या पायाशी सतरंजीवर खेळते. आणि आप्पांचा वायफाय फुकट, खालून वर येणारा.

*

सुरुवात आप्पांनीच केली. एकदा चहा घेऊन वर आले आणि महादेवीला म्हणाले, "काय महादेवी, झालं का वजन कमी?"

महादेवीची सुई थांबली. आदल्या दिवशी ती बारीक व्हायचे उपाय बघत बसली होती.

"वायफाय माझा हाय," आप्पा म्हणाले. "कोण कुठं फिरतंय, मला समदं दिसतंय."

ते हसत खाली गेले. रेहाना बारावीनंतर कॉम्प्युटर क्लास केलेली, ती म्हणाली, "आत काय वाचलं ते नाही दिसत. कुठल्या साइटवर गेलो तेवढं कळू शकतं. आणि महादेवीताई, तुम्ही जे बघता ते मोठ्यानं वाचता. खिडकी उघडी असते."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले.

माझ्या आरूला फिट येते. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध नीट दिलं तर पुढं बंद होईल, घाबरू नका. पण मी घाबरणारी बाई. रोज फोनवर तेच शोधायची: झोपेत आली तर? शाळेत आली तर? घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारचं औषध खोलीतच द्यायची आणि टॉनिक आहे म्हणायची; बाटली माझ्या मशीनच्या फळीवरच असायची. गावात एकदा 'फिटवाली पोरगी' असं नाव पडलं, की शाळेत शेजारी कोण बसवील, आणि पुढं लग्नाच्या वेळी लोक काय काढतील, इथपर्यंत माझं डोकं धावायचं.

आणि हे सगळं मी आप्पांच्या वायफायवर शोधत होते.

*

रेहानानं सांगितलं, फोनमध्ये व्हीपीएन नावाचं ॲप टाकायचं. म्हणजे आपण कुठं जातो ते वायफायवाल्याला दिसत नाही, झाकल्या रस्त्यानं गेल्यासारखं.

महादेवीनं त्याच दिवशी एक फुकटचं टाकलं. का तेच? तर त्याच्यावर सोनेरी कुलूप होतं. त्यानं फोटो मागितले, फोनमधले नंबर मागितले, माइक मागितला. ही सगळ्याला हो म्हणत गेली.

"अगं, सगळं का दिलंस?" अक्कांनी विचारलं.

"सारखं इचारत होतं बिचारं. न्हाय कसं म्हणावं?"

दुसऱ्या दिवशी तिनं जवळचं काजं-बटनाचं दुकान शोधलं. फोननं जे दुकान दाखवलं ते कुठल्या तरी परदेशात. वर लोकरीच्या कोटाची जाहिरात. बाहेर एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला.

महादेवी म्हणाली, "तिथं शिलाई काय घेत असतील गं?"

*

आता अक्कांची एक पद्धत सांगायला हवी. अक्का माप वहीत लिहीत नाहीत. सुट्या कागदावर लिहितात, नाव न घालता, फक्त कापडाचा तुकडा टाचून. ब्लाऊज बाईच्या हातात गेला, की कागद चहाच्या शेगडीत.

एकदा लोहाऱ्याहून एक बाई आल्या होत्या. इथल्या एका मुलीचं स्थळ त्यांच्या पोराला सांगून आलं होतं. बाई गोड बोलून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडंच शिवती ना ती? एक खांदा उतरता हाय म्हनं. तुमाला माप ठाव असंल."

अक्का म्हणाल्या, "माप ब्लाऊजला लागतंय बाई, लग्नाला न्हाय."

"निस्तं सांगा तर खरं."

अक्कांनी शेगडीकडं बोट केलं. "त्यातली राख देऊ का बांधून?"

लग्न झालं. मुलगी सुखात आहे. खांद्याचं काय ते अक्कांनी आम्हालाही सांगितलं नाही.

*

म्हणून व्हीपीएन निवडायचं अक्कांवर सोडलं. रेहाना एकेकाची माहिती वाचायची आणि अक्का नव्या कापडवाल्याला विचारावं तसं विचारायच्या.

"दुकान कुणाचं हाय?"

"लिहिलं नाही."

"काढ पुढं. फुकट देतोय, तर पोट कशावर भरतोय?"

"जाहिरातीवर. आणि आपली माहिती दुसऱ्याला देऊ शकतो, असं खाली बारीक अक्षरात आहे."

"पुढं. ह्याला लोक काय म्हणतात?"

"सगळ्यांनी पाच चांदण्या दिल्यात. सगळ्यांचं वाक्य एकच आहे."

"नवऱ्याकडच्यांनीच नवऱ्याची तारीफ केल्यावानी. पुढं."

मग मी भीतभीत विचारलं, "रेहाना, आप्पांपासून झाकलं, पण त्या व्हीपीएनवाल्याला तर दिसणारच ना?"

रेहाना म्हणाली, "हां भाभी, त्याला दिसू शकतं. म्हणून तर बघून घ्यायचं."

"म्हंजे आप्पावरचा भरवसा काढून परक्यावर ठेवायचा," अक्का म्हणाल्या. "मग त्याला एकच इचार. मापाचा कागद ठेवतोय का जाळतोय?"

शेवटी एक सापडलं. कंपनी कुणाची ते नावानिशी लिहिलेलं. कोण कुठं गेलं याची नोंद ठेवत नाही म्हणत होते, आणि ते बाहेरच्या माणसांकडून तपासून घेतलेलं, तपासणीचा कागद कुणालाही वाचता येईल असा. फोटो मागितले नाहीत, नंबर मागितले नाहीत. फुकट नव्हतं, पण एकात पाच फोन चालत होते. आम्ही चौघींनी मिळून घेतलं. महादेवीचं सोनेरी कुलूप अक्कांनी समोर बसून काढायला लावलं.

त्या दिवसापासून मी जरा निर्धास्तपणे शोधू लागले.

*

महादेवीची गोष्ट वेगळी. व्हीपीएन चालू करायची आणि स्पीकरवर बहिणीशी कानडीत बोलत बसायची. सासूचं, जावेचं, वजनाचं, सगळं.

एकदा खालून आप्पांनी कानडीतच उत्तर दिलं. जावेचंच चुकलं म्हणून. मुरुमात कानडी कुणाला येत नाही?

"अय्यो," महादेवी फोनकडं बघत म्हणाली, "व्हीपीएन चालू हाय की!"

म्हणून मला सगळ्यात जास्त भीती हिचीच. हिला कळलं तर बाजाराला कळलं. मी फोन उलटा ठेवायची.

त्याच दिवसांत खोलीत बारीकसारीक बदल झाले. अक्कांनी कात्र्या वरच्या खिळ्याला टांगल्या. खाली ठेवून धार जाती म्हणाल्या. महादेवीनं घरून जाड वाकळ आणून आरूच्या सतरंजीवर घातली. घरात अडचण होती म्हणाली. मला काही वेगळं वाटलं नाही.

*

गेल्या महिन्यात, भर दुपारी, आरू त्या वाकळेवरच आडवी झाली आणि तिला फिट आली.

मी इतकं वाचलेलं, इतकं बघितलेलं. जागेवरून हलले नाही. पाय मशीनवर तसाच.

महादेवीनं आरूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी घातली. अक्कांनी गळ्याचं बटन सोडलं, स्टूल लांब सारलं. रेहाना भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मिनिटं मोजत होती. कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

आवाज ऐकून आप्पा वर आले, हातात फोडलेला कांदा. "हुंगवा, हुंगवा."

"कांदा न्हाय आप्पा," महादेवी खालच्या आवाजात म्हणाली. "तोंडात बी काय घालायचं न्हाय. थांबा जरा."

दोन मिनिटांत थांबलं. आरूनं डोळे उघडले, मला शोधलं. तेव्हा कुठं माझे पाय हलले.

आप्पा दारातून वळले. "म्या काय बघितलं न्हाय," म्हणाले, "म्या खालीच होतो." आजपर्यंत त्यांच्या तोंडून ती गोष्ट निघालेली नाही.

आरू माझ्या मांडीवर झोपली. मी महादेवीला विचारलं, "तुला कसं ठाऊक, काय करायचं?"

"व्हिडिओ बघितलाय. तिघींनीबी बघितलाय."

"कधी?"

महादेवी दोरा ओवत होती. वर बघितलंही नाही.

"ते कसं सांगू? व्हीपीएन चालू होतं."